बालनाट्यातला जादूगार सर्वशक्तिमान झाला, तर सुपरहिरोंनी त्याला हरवायचे कसे?

रामबागेतला_दिग्दर्शक

सर्वांना नमस्कार. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात दरवर्षी मुलांचे एक मराठी नाटक होते आणि गेली तीन वर्षे ते लिहिण्याची आणि बसवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. इंदूरमध्ये वाढणारी ही मुले शाळेत हिंदी आणि इंग्रजी बोलतात. मराठी त्यांच्या कानांवर पडते ती घरी आजी-आजोबांच्या तोंडून आणि या नाटकाच्या तालमींत. त्यामुळे विषय त्यांच्या मनातला असावा, एवढा माझा आग्रह असतो. यंदा त्यांनी एकमुखाने सांगितले, की सुपरहिरोंची टोळी हवी आणि समोर जादूगार हवा.

नाटक चाळीस मिनिटांचे आहे. टोळीत चौघे आहेत: वाऱ्यासारखी धावणारी एक मुलगी, कितीही ओझे उचलणारा एक मुलगा, पक्ष्यांशी बोलणारी एक आणि अंधारात स्पष्ट दिसणारा एक. त्यांच्याबरोबर एक पाचवा मुलगा आहे, ज्याच्याकडे कोणतीही शक्ती नाही आणि जो टोळीचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. समोर एक मांत्रिक आणि त्याची शिष्या. हा मांत्रिक लोकांचे आवाज चोरून एका मातीच्या माठात साठवतो. पहिल्या प्रवेशात बाजारात भुट्टेवाली ओरडत असते आणि तिचा आवाज मधेच तुटतो. परवा तालमीत त्या मुलीने हे असे केले, की ओठ हलत राहिले, हात गिऱ्हाईक बोलावत राहिला आणि आवाज मात्र नाही. तोपर्यंत दंगा करणारी बाकीची मुले एकदम गप्प झाली. तेव्हा मला वाटले, की नाटक उभे राहणार.

अडचण चौथ्या प्रवेशात आहे. माझा मांत्रिक माणसाला दगड करतो, भिंती पाडतो, रूप बदलतो, दिवे मालवतो, अदृश्य होतो. त्याला सगळेच येते, आणि म्हणून त्याने हरावे असे काही कारणच कथेत उरत नाही. मी लिहिले आहे, की शेवटी चौघे एकमेकांचे हात धरतात, त्यांच्या हातांतून प्रकाश निघतो आणि मांत्रिक कोसळतो. हे वाचून दाखवल्यावर मांत्रिकाचे काम करणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "काका, हात धरून तो मरणारच होता, तर यांनी पहिल्याच प्रवेशात का नाही धरले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेल्या वर्षीचा आमचा राक्षसही अशाच एका उजेडात मेला होता, आणि पडदा पडण्याच्या आधीच पुढच्या रांगेतली मुले आपापसांत बोलू लागली होती, हे मला त्या क्षणी आठवले.

जादू जाणणाऱ्या खलनायकाला मर्यादा कशी घालावी, चौघांनाही खरोखर लागेल असे काम कसे द्यावे आणि डबे सांभाळणाऱ्या पाचव्याचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मनमोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

खजुरी_बाजारचा_वाचक

दिग्दर्शक महोदय, त्या मुलाने विचारलेला प्रश्न हा या प्रकारच्या कथांचा सर्वांत जुना प्रश्न आहे आणि त्याला बगल देऊन लिहिलेली कथा टिकत नाही. माझे लहानपण खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून कॉमिक्स शोधण्यात गेले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'अॅव्हेंजर्स' या टोळीचा पहिला अंक १९६३ चा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. आज या टोळीचे नाव घेतले, की लोकांच्या डोळ्यांसमोर अंतराळातून आलेल्या फौजा येतात, परंतु ती टोळी जमली ती जादू जाणणाऱ्या एकाच खलनायकामुळे, लोकीमुळे. लोकी एका निर्जन बेटावर कैदेत आहे आणि त्याला आपला भाऊ थॉर याचा सूड घ्यायचा आहे. तो स्वतः येऊन लढत नाही. तो एक आभास निर्माण करतो: रेल्वेच्या रुळांवर सुरुंग ठेवल्याचा. ते पाहून हल्क गाडी वाचवायला झेपावतो, त्याच्या धडकेने पूल मोडतो आणि तोच पूल पाठीवर तोलून तो गाडी सुखरूप जाऊ देतो. तरीही जगाला वाटते, की हल्कनेच घात केला. हल्कचा तरुण मित्र रेडिओवरून 'फँटास्टिक फोर' या दुसऱ्या टोळीची मदत मागतो. लोकी तो संदेश मधल्या मधे वळवतो, कारण त्याला तो फक्त थॉरपर्यंत पोहोचवायचा असतो. मात्र तो संदेश थॉरबरोबर आयर्न मॅन, अँट-मॅन आणि वास्प यांनाही ऐकू जातो. म्हणजे खलनायकाच्या स्वतःच्याच जादूने त्याच्याविरुद्धची टोळी जमवली. हा योगायोग नव्हे, ही रचना आहे.

शेवट त्याहूनही चांगला आहे. थॉर लोकीला पकडून आणतो, तेव्हा लोकी स्वतःला किरणोत्सर्गी करून घेतो, जेणेकरून कोणीही त्याच्याजवळ जाऊ नये. हातोडा आणि चिलखत दोन्ही तिथे निरुपयोगी. तेव्हा अँट-मॅनच्या मुंग्या जमिनीतला झडपेचा दरवाजा उघडतात आणि लोकी खालच्या शिशाचे अस्तर असलेल्या टाकीत पडतो. टोळीतल्या सर्वांत लहान सामर्थ्याने शेवटचे काम केले, आणि वाचकाला ते खोटे वाटत नाही, कारण मुंग्या आधीपासूनच त्या कथेत काम करत असतात.

दुसरी गोष्ट मर्यादेची. सुपरमॅनला गोळी लागत नाही, आग लागत नाही, पण जादूपासून त्याला कोणतेही संरक्षण नाही, हा नियम त्याच्या कथांत फार पूर्वीपासून पाळला जातो. त्या नियमामुळेच एखादा साधा मांत्रिकसुद्धा त्याच्यापुढे उभा राहू शकतो आणि सुपरमॅनला इतरांची गरज पडते. उलट बाजूने पाहा: जटाना नावाची जादूगारीण १९६४ पासून कॉमिक्समध्ये आहे. तिचे मंत्र म्हणजे उलटे उच्चारलेले शब्द. तिचे तोंड बांधले, की तिची जादू संपली. तिला काय काय येते, हे आठवून सांगायला मला वेळ लागेल, पण ती कशाने अडते हे एका वाक्यात सांगता येते.

आपला मांत्रिक आवाज चोरतो, ही कल्पना अतिशय सुंदर आहे, पण तो त्या आवाजांचे करतो काय? आपल्या लेखनात तो फक्त साठवतो. साठवणारा खलनायक म्हणजे नुसता कंजूष. ते आवाज त्याला कशासाठी लागतात, हे एकदा ठरवा. बाकीच्या बऱ्याच गाठी त्यातून सुटतील असे मला वाटते.

निवृत्त_संस्कृत_शिक्षिका

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला. मला कॉमिक्समधले काही कळत नाही, परंतु मायावी शत्रूविरुद्ध एकत्र येणे म्हणजे काय, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत सविस्तर उदाहरण वाल्मीकींच्या युद्धकांडात आहे, आणि ते म्हणजे इंद्रजिताचा वध.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. चौघांनी हात धरले आणि तेज प्रकट झाले, हा आपला शेवट देवीमाहात्म्यातल्या प्रसंगासारखा आहे. तिथे महिषासुराने त्रस्त केलेल्या देवांची तेजे एकत्र येऊन देवी प्रकट होते. शिव त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, वरुण शंख, हिमालय सिंह. तो प्रसंग भव्य आहे, मी वर्षानुवर्षे नवरात्रात त्याचा पाठ करत आले आहे. परंतु आपल्या कामासाठी तो चुकीचा आहे, कारण शस्त्रे देऊन झाल्यावर लढते ती एकटी देवी. देव स्तुती करतात. आपल्याला तर चौघांना अखेरपर्यंत रंगमंचावर कामात ठेवायचे आहे.

इंद्रजिताकडे पाहा. तो अदृश्य राहून बाण मारतो. एकदा त्याने राम-लक्ष्मणांना नागपाशात बांधले, तेव्हा गरुड आला म्हणून ते सुटले. दुसऱ्यांदा त्याने ब्रह्मास्त्राने जवळजवळ सारी सेना लोळवली. रात्री बिभीषण आणि हनुमान पेटत्या चुडी घेऊन पडलेल्यांमधून फिरत आहेत. म्हातारा जांबवान जखमांनी इतका जर्जर आहे, की त्याला डोळे उघडता येत नाहीत, पण आवाजावरून तो बिभीषणाला ओळखतो आणि विचारतो, हनुमान जिवंत आहे का? बिभीषणाला आश्चर्य वाटते, की याने रामाबद्दल विचारले नाही, सुग्रीवाबद्दल नाही, हनुमानाबद्दलच का? जांबवान सांगतो, की हनुमान जिवंत असेल तर मेलेली सेनाही जिवंत आहे, आणि तो नसेल तर आपण जिवंत असून मेल्यासारखे. मग तो औषधींचा पर्वत कुठे आहे, तिथल्या चार वनस्पती कोणत्या, हे सांगतो. ज्याला ठाऊक आहे त्याच्याने उठवत नाही, आणि ज्याला उडता येते त्याला जायचे कुठे ते ठाऊक नाही. टोळी म्हणजे काय, हे मी मुलांना शिकवायचे तर हा एकच प्रसंग शिकवेन.

आता जादूची मर्यादा. इंद्रजित मायेची सीता निर्माण करून हनुमानाच्या डोळ्यांदेखत तिला ठार करतो. हनुमानासारखा बुद्धिमान वीरही फसतो आणि युद्ध थांबवून मागे फिरतो. ती वार्ता ऐकून राम मूर्च्छित होतो. त्या वेळी बिभीषण सांगतो, की ही माया आहे, आपल्याला शोकात गुंतवून तो लंकेतल्या निकुंभिला या स्थानी होम करायला गेला आहे, आणि तो होम पूर्ण झाला तर त्याला कोणी जिंकू शकणार नाही. मग वानरसेना त्याच्या सैन्यावर तुटून पडते, आणि आपल्या लोकांचा आकांत ऐकून तो होम अर्धवट टाकून उठतो. बिभीषण लक्ष्मणाला एक वड दाखवतो आणि म्हणतो, इथे भूतांना बळी देऊन मगच तो अदृश्य होतो. तो या वडापाशी पोहोचण्याच्या आत त्याला गाठ. म्हणजे त्याच्या मायेला एक जागा आहे, एक वेळ आहे आणि एक विधी आहे. त्या तिन्हींची माहिती फक्त घरच्या माणसाला होती.

आणि तोच बिभीषण पुढे सांगतो, की याला मारावे असे मला वाटते, पण अश्रूंनी माझी दृष्टी अडते. इंद्रजित त्याचा पुतण्या आहे. आपल्या नाटकात शिष्या आहे. तिला नुसती कंदील धरून उभी करू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

रामबागेतला_दिग्दर्शक

बाई, आपण लिहिलेला जांबवानाचा प्रसंग मी काल रात्री मुलांना वाचून दाखवला. अंधारात दिसणाऱ्याचे काम करणारा मुलगा लगेच म्हणाला, "मला दिसतं, पण मी काय बघायचं ते मला कोणीतरी सांगायला पाहिजे." हे वाक्य मी जसेच्या तसे संहितेत घेतले आहे.

खजुरी बाजारच्या वाचकांनी विचारलेला प्रश्न डोक्यात घोळत आहे. तूर्त एवढे ठरले आहे, की मांत्रिकाला मंत्र म्हणायला आवाज लागतो आणि तो स्वतःचा आवाज कधीही वापरत नाही. प्रत्येक मंत्र तो माठातल्या कोणातरी एकाच्या आवाजात म्हणतो. पण वापरलेल्या आवाजाचे पुढे काय होते? तो नष्ट होत असेल, तर टोळीने त्याला मंत्र म्हणायला लावणे म्हणजे गावकऱ्यांचे नुकसान करणे होईल. दहा वर्षांच्या मुलांच्या नाटकात हे मला नको आहे.

डबेवाल्याच्या_बाजूने

मी मुद्दाम या चर्चेत सामील झालो, कारण मला पाचव्या मुलाची काळजी वाटते. हिंदी कॉमिक्सवर वाढलेल्या आम्हा इंदूरकरांच्या पिढीला याचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला. त्याच्या रक्तात सूक्ष्म साप, श्वासात विष. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला, आणि त्याच्याकडे अशी कोणतीही शक्ती नव्हती. सर्कशीत वाढलेला मुलगा. तिथल्या कलावंतांकडून शिकलेली कसरत आणि प्राण्यापक्ष्यांच्या सहवासात आलेली त्यांची भाषा, एवढीच त्याची शिदोरी. आमच्या गल्लीत कॉमिक्स भाड्याने देणारे एक दुकान होते. नागराजाचे अंक सगळे मागत, पण ध्रुवाच्या अंकांची पाने जास्त मळलेली असत, कारण ते आम्ही पुन्हा पुन्हा वाचत असू. तो कसा सुटला, हे आधीच्या पानांवर शोधता येत असे. खांबाला गुंडाळलेली दोरी किंवा कोपऱ्यातली पाण्याची टाकी आधीच्या एखाद्या चित्रात दिसलेली असे, आणि आपल्या ती लक्षात आली नाही याची चुटपुट लागे.

जेव्हा हे दोघे एकाच विशेषांकात एकत्र येत, तेव्हाही ध्रुवाचे काम बहुधा पाहण्याचे आणि ओळखण्याचे असे. म्हणून माझी सूचना अशी, की मांत्रिकाचे गुपित या पाचव्या मुलाने ओळखावे. तो डबे मोजतो, बाटल्या मोजतो, मोजण्याची त्याला सवय आहे. टोळीतले बाकीचे लढत असताना मोकळे डोळे फक्त त्याच्याकडे आहेत.

आवाज नष्ट होऊ नयेत, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. मग ते परत का जाऊ नयेत? मांत्रिकाने ज्याच्या आवाजात मंत्र म्हटला, तो आवाज माठातून सुटला आणि आपल्या माणसाकडे गेला. म्हणजे जादू करायची तर भांडवल कमी होणार, म्हणून तो सतत चोरी करत हिंडतो. आणि गावात कुठेतरी, मंत्र म्हटला गेल्याच्या क्षणी, मुके झालेले एक माणूस बोलू लागते. हे कोणाच्याही ध्यानात येत नाही, फक्त मोजणाऱ्याच्या येते.

खजुरी_बाजारचा_वाचक

डबेवाल्याच्या बाजूने लिहिणाऱ्या मित्राची ही कल्पना मला फार आवडली, फक्त एक धोका सांगतो. शक्तीहीन मुलगाच सगळे ओळखतो आणि बाकी चौघे बावळटासारखे मार खातात, असे झाले तर ती चार मुले तालमीला यायला नाखूश होतील, आणि ते योग्यही असेल. गुपित कळल्यानंतरचे काम अवघड असले पाहिजे आणि ते चौघांनाच करता आले पाहिजे. आता मांत्रिकाकडून मंत्र खर्च करवून घ्यायचे आहेत. धावणारीने समोरून जावे आणि दगड करण्याचा मंत्र चुकवावा. ओझे उचलणाऱ्याने पडणारी भिंत पाठीवर घ्यावी, हल्कने पूल घेतला तशी, आणि ती खाली न ठेवता तसेच उभे राहावे, कारण खाली गावकरी आहेत. पक्षी अंगावर आले, की त्याला रूप बदलावे लागेल. दिवे मालवले, की अंधारात माठ कुठे नेला हे एकालाच दिसेल. प्रत्येक वेळी एक मंत्र गेला, एक आवाज सुटला. हात धरण्याची गरज उरली नाही.

आणि ते पहिल्या प्रवेशात का करत नाहीत, याचे कारण लोकीकडून घ्या. त्याने ज्यांची भेट झाली नव्हती त्यांनाच एकमेकांविरुद्ध भिडवले. आपली टोळी आधी भांडून वेगवेगळी गेली पाहिजे.

निवृत्त_संस्कृत_शिक्षिका

त्याला एक विधी जोडावा. इंद्रजिताला वड लागत होता, तसे या मांत्रिकाला काय लागते? मी असे सुचवते, की त्याला आवाज चोरता येतो तो फक्त एकट्या माणसाचा. माठाचे तोंड त्या माणसाकडे वळलेले असावे, माणूस बोलत असावे आणि त्याला उत्तर द्यायला जवळ कोणी नसावे. भुट्टेवाली ओरडते आणि त्या क्षणी रस्त्यावर कोणी गिऱ्हाईक नाही, म्हणून तिचा आवाज जातो. भांडून निघून गेलेले चौघे असेच एकेक करून सापडतात. मग ते मुके होऊन एकमेकांना भेटतात आणि त्यांना खुणांनी बोलावे लागते. मराठी कच्चे असलेल्या मुलांनासुद्धा हा प्रवेश ताठ मानेने करता येईल.

मिलच्या_झांकीवाला

संहितेबद्दल मी बोलणार नाही, तो माझा विषय नव्हे. माझे वडील कापड मिलमध्ये कामाला होते आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, तयार करणाऱ्यांत होते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण या मिलांची धुराडी थंड झाली तरी झांक्या त्या रात्री अजून निघतात, आणि राक्षसाचे तोंड उघडते-मिटते कसे किंवा पाताळ लाल कसे दिसते, हे मी त्यांच्या मागे उभे राहून शिकलो. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो.

जादू दाखवण्यासाठी फटाक्याची दारू, धूर किंवा ठिणग्या यांच्या वाटेला जाऊ नका. मंडपाला कापड असते आणि मुलांचे पोशाख चटकन पेट घेणारे असतात. आपल्या नाटकातली जादू कानांची आहे, तेव्हा खर्च तिकडे करा. मांत्रिकाच्या मुलाने मंत्र म्हणताना फक्त ओठ हलवावेत. ज्याचा आवाज चोरला आहे त्या मुलाने विंगेत उभे राहून, रिकाम्या माठाच्या तोंडाशी तोंड नेऊन तो मंत्र म्हणावा. मातीच्या माठात आवाज घुमतो आणि खोलातून, दुरून आल्यासारखा ऐकू येतो. काळा पोशाख केलेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून भुट्टेवालीचा आवाज आला, की मंडपातला प्रत्येक माणूस ताठ बसेल. मंत्र संपताच त्याच मुलीने मंडपाच्या मागच्या टोकाकडून, माठाशिवाय, मोकळ्या गळ्याने ओरडावे. आवाज परत गेला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

मंचावरच्या माठात बॅटरीवर चालणारे छोटे पिवळे दिवे ठेवा, जितके आवाज तितके. एकेक विझवण्याची सोय माठ धरणाऱ्या शिष्येच्या हाताशी असू द्या, म्हणजे पाचव्या मुलाला आणि प्रेक्षकांनाही मोजता येईल. माठ खापराचाच घ्या, थर्माकोलचा नको. मुले तो जपून धरतात आणि ते जपणे दिसते.

रामबागेतला_दिग्दर्शक

आपणा सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे. चौथा प्रवेश काल पूर्ण झाला आणि आज तालमीत उभाही राहिला, म्हणून सविस्तर कळवतो.

बाईंनी दिलेला एकट्या माणसाचा नियम आणि माठातून सुटणाऱ्या आवाजाचा नियम, असे दोनच नियम ठेवले आहेत. बाकी सगळी जादू त्यांच्यातून निघते. धावणारी, भिंत पेलणारा, पक्ष्यांची मैत्रीण आणि अंधारातला, चौघे मुके असताना खुणांनी एकमेकांचे बेत ठरवतात. त्यात धावणारीने केलेली "तू भिंत सोडू नकोस" ही खूण ओझेवाल्याला "तू जेवून घे" अशी वाटते. हे मुलांनीच तालमीत शोधले आणि मी ते ठेवले. पाचवा बोटे मोजत असतो. माठातले दिवे विझत जातात आणि मंडपाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून दूधवाला, शाळेची घंटा वाजवणारे मामा आणि शेवटी टोळीतले चौघे, असे एकेक जण बोलू लागतात.

माठ रिकामा झाल्यावर मांत्रिकाजवळ उरतो तो फक्त स्वतःचा आवाज. मी लिहिले होते, की तो घाबरून पळून जातो. पण मांत्रिकाचे काम करणाऱ्या त्याच मुलाने पुन्हा अडवले. तो म्हणाला, की आता हा स्वतःच्या आवाजात मंत्र म्हणेल ना, तो का पळेल? आम्ही सगळे गप्प बसलो. मग डबे सांभाळणाऱ्या मुलाने माठ उचलला, त्याचे तोंड मांत्रिकाकडे वळवले आणि बाकीच्यांना खूण केली. एकेक जण मंचावरून निघून गेला. मांत्रिक बोलत राहिला, शिव्याशाप देत राहिला, मग हाका मारू लागला, आणि त्याला उत्तर द्यायला कोणी नव्हते. शेवटच्या वाक्याच्या मध्यावर त्याचा आवाज गेला, पहिल्या प्रवेशात भुट्टेवालीचा गेला होता अगदी तसा. हे मी लिहिले नाही. मी फक्त वहीत उतरवून घेतले.

शिष्या सर्वांत शेवटी जाते. तिचे गुरू तिच्याकडे हात पसरतात, तिच्या तोंडापर्यंत उत्तर येते आणि ती तोंडावर हात दाबून पाठ फिरवते. तालमीत तिथे त्या मुलीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. बाई, आपला बिभीषण इथे आला आहे.

एकच प्रश्न राहतो. तालीम संपल्यावर शिष्येने विचारले, की आता माठात गुरुजींचा आवाज आहे, तो तसाच ठेवायचा का? बाकीची मुले म्हणाली, राहू दे. ती म्हणाली, नाही, तो उद्या परत द्यायचा, आणि देताना मी जवळ थांबणार, म्हणजे तो एकटा नसेल. यावर पडदा पाडावा असे माझ्या मनात आहे: माठात एकच दिवा आणि माठ तिच्या हातांत. आपल्याला काय वाटते?

निवृत्त_संस्कृत_शिक्षिका

तिथेच पाडा. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा, आणि तालीम कधी असते तेही कळवा. मला यायचे आहे.

डबेवाल्याच्या_बाजूने

पाचव्या मुलाला शेवटी कोणी शक्ती देऊ नका, एवढेच सांगतो. तसा मोह होईल.

मिलच्या_झांकीवाला

उत्तम. फक्त माठ वळवताना त्याचे तोंड प्रेक्षकांच्या दिशेने फिरू देऊ नका, मागच्या बाजूने फिरवायला शिकवा. पुढच्या रांगेत लहान मुले बसलेली असतील. दिव्यांची जोडणी करायला मी शनिवारी येतो.